कूलंट टेंपरेचर सेन्सर नेमका कुठे बसवायचा: जागा शोधण्यापासून हवा काढण्यापर्यंत

बाहेरून घेतलेलं टेंपरेचर गेज लावताना लोक गेज कुठलं घ्यावं यावर जेवढा विचार करतात त्याच्या पावपटही सेन्सर कुठे बसवायचा यावर करत नाहीत. होज अॅडॉप्टर (होजच्या मधे बसणारा, सेन्सरसाठी भोक असलेला तुकडा) मिळाला, दिसला तो होज कापला, क्लॅम्प आवळले, झालं. मग गेज ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जातच नाही, किंवा थंडीत अर्धा तास काटा हलत नाही, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे इंजिन उकळतंय आणि गेज निवांत ८५ दाखवतंय. यात गेजचा दोष बहुतेक वेळा नसतोच, जागाच चुकलेली असते.

कंपनीच्या डॅशवरचा काटा असताना हे वेगळं गेज लावायचंच कशाला, तर बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ८० पासून १०५ च्या पुढेपर्यंत काहीही चालू असलं तरी तो मध्यावरच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून खरा आकडा हवा. आणि चुकीच्या जागचा आकडा कंपनीच्या काट्यापेक्षाही घातक, कारण तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून गाडी ताणता.

क्रम असा ठेवा: आधी कूलंटचा रस्ता, मग जागा, मग सामान. लोक सामान आधी घेतात आणि मग त्या सामानाला बसेल अशी जागा शोधतात, तिथेच गडबड होते.

## १. कूलंट कुठून कुठे जातं ते तुमच्या इंजिनवर बघा

वॉटर पंप कूलंट ब्लॉकमधे ढकलतो, तिथून ते हेडमधे, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या भागात चढतं, हेडमधून बाहेर पडतं तेव्हा ते सगळ्यात गरम असतं. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडणारी झडप, बंद, त्यामुळे रेडिएटरकडे काही जात नाही, कूलंट बायपास (रेडिएटर टाळून जाणारा रस्ता) आणि हीटरच्या पाइपांतून फिरून परत पंपाकडे येतं. थर्मोस्टॅट उघडला, बहुतेक इंजिनांत साधारण ८२ ते ९२ अंशांच्या मधे कुठेतरी, की मग वरच्या होजमधून रेडिएटर, तिथे गार होऊन खालच्या होजने परत.

आता महत्त्वाचा भाग. थर्मोस्टॅट काही इंजिनांत हेडच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी असतो, म्हणजे वरच्या होजच्या टोकाला, आणि बऱ्याच इंजिनांत पंपाच्या बाजूला, म्हणजे खालचा होज जिथे इंजिनला लागतो तिथे. तुमच्या गाडीत कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमधून बघून घ्या, अंदाज करू नका. पंपाच्या बाजूला असेल तर हेडच्या तोंडाशी असलेलं हाउसिंग कायम वाहत्या गरम कूलंटमधे असतं, कारण हीटर आणि बायपासचे पाइप सहसा तिथूनच निघतात. तोंडाशी असेल तर थर्मोस्टॅटच्या आतली बाजू आणि बाहेरची बाजू यात जमीन अस्मानाचा फरक.

तपासणी: इंजिन पूर्ण गार असताना चालू करा, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून दोन तीन मिनिटांनी प्रत्येक पाइपला बाहेरून हात लावत जा. जो पाइप आधी कोमट व्हायला लागतो त्यात कूलंट फिरतंय. वरचा रेडिएटर होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो, तो एकदम तापण्याचा क्षण म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. हे स्वतःच्या हाताने एकदा बघितलं की पुढचं सगळं डोक्यात आपोआप बसतं. पाइप हाताला चटका द्यायला लागला की थांबा.

## २. जागा निवडा

कसोटी एकच लक्षात ठेवा: सेन्सरचं टोक इंजिनमधून नुकत्याच निघालेल्या आणि कायम हलत्या कूलंटमधे बुडालेलं पाहिजे, थर्मोस्टॅट बंद असला तरी. या कसोटीवर जागा उतरत्या क्रमाने अशा.

हेडवरचा रिकामा प्लग. काही इंजिनांत हेडवर किंवा हेडच्या मागच्या टोकाला वॉटर जॅकेटचा, म्हणजे कूलंट फिरण्याच्या पोकळीचा बंद प्लग असतो, एकच हेड दोन तीन मॉडेलला वापरलेलं असेल तर शक्यता जास्त. मिळाला तर दुसरीकडे बघूच नका. फक्त तो कूलंटचाच आहे, ऑइल गॅलरीचा (ऑइलच्या वाटेचा) नाही, याची मॅन्युअलमधे खात्री करा. ऑइलचा प्लग उघडून कूलंटचा सेन्सर बसवलेले लोक आहेत आणि ते गेज ऑइलचं तापमान दाखवत राहतं.

थर्मोस्टॅट हाउसिंग, इंजिनच्या बाजूने. थर्मोस्टॅट हेडच्या तोंडाशी असेल तर हाउसिंगचा जो भाग थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनकडे आहे त्यात आटे पाडून बसवता येतो. झाकणाच्या भागात, म्हणजे होज लागतो त्या बाजूला बसवलात तर तो थर्मोस्टॅटच्या पलीकडे गेला. हाउसिंग अॅल्युमिनियमचं आणि भिंत पुरेशी जाड असेल तरच हे करा. प्लास्टिकचं हाउसिंग असेल तर ड्रिल हातातही घेऊ नका, आज नाही तर काही महिन्यांनी तिथेच तडा जाणार. थर्मोस्टॅट पंपाच्या बाजूला असलेल्या इंजिनात मात्र हेडच्या तोंडाशी जी वॉटर आउटलेटची फिटिंग असते ती चालेल.

हीटरकडे जाणारा होज. लोक याला कमी लेखतात पण बहुतेक गाड्यांत ही खरोखर चांगली जागा आहे, थर्मोस्टॅट बंद असतानाही इथे कूलंट फिरतं. अट दोन. हीटरकडे जाणारा होज पकडा, परत येणारा नाही. आणि गाडीत हीटरचा वॉल्व्ह नसावा, असेल आणि हीटर बंद केल्यावर तो पाइप बंद होत असेल तर सेन्सर साचलेल्या पाण्यात राहील. आकडा हेडपेक्षा थोडा कमी येतो, तो फरक नंतर मोजून लक्षात ठेवायचा.

वरचा रेडिएटर होज. सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात जास्त वापरला जाणारा. चालतो, पण काय मिळतंय आणि काय मिळत नाहीये ते माहीत असूनच लावा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आकडा खोटा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापत जाईल आणि या होजमधे गरम कूलंट येणारच नाही, गेज शांत. कूलंट गळून पातळी खाली गेली तर वरचा होज आधी रिकामा होतो आणि हवेत लटकलेला सेन्सर कमी तापमान दाखवतो. म्हणजे नेमकं ज्या वेळी गेजने ओरडायला पाहिजे त्या वेळी ते गप्प. दुसरी जागा मिळत नसेल तर लावा, पण मग कूलंट लेव्हलचा वेगळा सेन्सर लावायचा विचार जरूर करा.

आता जिथे लावायचाच नाही त्या जागा.

खालचा रेडिएटर होज, कारण तिथे रेडिएटरने गार केलेलं कूलंट आहे. रेडिएटर किती काम करतोय हे बघायला दुसरा सेन्सर म्हणून ठीक, इंजिनचं तापमान म्हणून नाही. एक्सपान्शन टँक, तिथे प्रवाह नावापुरता. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत (फिन्समधे) खुपसायचा प्रोब, हा पंखा चालू करायच्या स्विचसाठी असतो, मोजण्यासाठी नाही.

आणि कंपनीच्या सेन्सरच्या जागी. तो काढून तिथे आपला बसवायचा विचारही करू नका, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याच्यावरून पेट्रोल किंवा डिझेल किती सोडायचं, पंखा कधी लावायचा हे ठरवतो. त्याच भोकात टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दोन्ही सेन्सर बसवायचा प्रकारही खूप चालतो. दिसायला हुशारी वाटते पण टीमुळे दोन्ही टोकं प्रवाहातून मागे सरकून बंद खिशात जातात, दोन्ही कमी आणि उशिरा दाखवतात, म्हणजे ईसीयूलाही आपणच खोटं सांगतो.

हेडच्या बाहेरच्या एखाद्या छोट्या बोल्टखाली बसणारे रिंगवाले सेन्सरही मिळतात, ते धातूचं तापमान दाखवतात आणि कूलंट संपलं तरी खरं सांगतात ही त्यांची मोठी जमेची बाजू. जास्तीचा पहारा म्हणून उत्तम. फक्त हेड बोल्टखाली कधीही नाही, त्याचं टॉर्क, म्हणजे ठरलेली आवळणी, बिघडतं.

## ३. मापं घ्या, मगच सामान आणा

सेन्सरचे आटे साधारण १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे), १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पाइपचे आटे), किंवा एम१०, एम१२ (मिलिमीटरचे आटे) यापैकी असतात. एनपीटी आणि बीएसपीटी डोळ्यांना सारखेच दिसतात पण एकात इंचाला २७ आटे, दुसऱ्यात २८, आणि आट्यांचा कोनही वेगळा. दोन तीन फेरे आरामात जातं आणि मग जड लागतं, माणसाला वाटतं आवळलं गेलं, प्रत्यक्षात आटे खराब झाले. गेजसोबत आलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि अॅडॉप्टर त्याच आट्यांचा घ्या.

होज अॅडॉप्टरचं माप म्हणजे होजचं आतलं माप. बाहेरून मोजून घेतलेला अॅडॉप्टर भिंतीच्या जाडीने चुकतो. होज एका टोकाने सोडवून व्हर्नियरने मोजा, किंवा तो होज ज्या नळीवर चढतो तिचा व्यास मोजा. एखाद दोन मिलिमीटरचा फरक क्लॅम्पने ओढून घेऊ असं म्हणू नका, तिथून दाब बसल्यावर गळणार.

सेन्सरच्या टोकाची लांबीही बघा. टोक प्रवाहात यायला हवं पण समोरच्या भिंतीला टेकता कामा नये. हीटर होजच्या लहान अॅडॉप्टरमधे लांब सेन्सर घुसवला की अर्धा पाइपच बंद होतो आणि हीटर थंड पडतो.

## ४. सेन्सर आणि गेज टेबलावरच तपासा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. सेन्सर, गेज आणि बॅटरी बाहेरच जोडा, एकाच वायरचा सेन्सर असेल तर त्याच्या बॉडीला निगेटिव्ह द्या, आणि टोक उकळत्या पाण्यात धरा, कनेक्टरला पाणी लागू न देता. समुद्रसपाटीजवळ १०० च्या आसपास दिसलं पाहिजे, उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी धरा. दोन अंश इकडे तिकडे चालेल. दहा अंशांचा फरक असेल तर हा सेन्सर या गेजचा नाही, गाडीत बसवून तो सुधारणार नाही. वेगळ्या ब्रँडचा सेन्सर आणि वेगळं गेज अशी जोडी लावणाऱ्यांना इथेच उत्तर मिळतं.

## ५. कूलंट काढा

इंजिन पूर्ण गार. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब सुटून उकळतं कूलंट अंगावर येतं, यात घाई नकोच. बॅटरीची निगेटिव्ह काढा, स्वच्छ टबात कूलंट घ्या, वरची जागा असेल तर सगळं काढायची गरज नाही, जागेच्या खाली पातळी गेली की पुरे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री मांजरं ते चाटतात, सांडलेलं लगेच धुवा आणि टब झाकून ठेवा.

## ६. बसवा

प्लगच्या जागी: प्लग काढण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने साफ करा नाहीतर ती जॅकेटमधे जाईल. सेन्सर आधी हातानेच फिरवा, हाताने तीन चार फेरे सहज गेला पाहिजे, मग एनपीटी किंवा बीएसपीटी असेल तर पान्याने दीड ते दोन फेरे. हे टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळते आटे आहेत, हे पाचर ठोकल्यासारखं घट्ट होत जातं, अॅल्युमिनियममधे जोर लावला की हेडच फुटतं. सेन्सरच्या षटकोनी भागालाच पाना लावा, वरच्या प्लास्टिकला नाही.

हाउसिंगमधे आटे पाडायचे असतील तर: हाउसिंग गाडीवरून काढून काम करा. गाडीवरच ड्रिल मारलं की कीस कूलंटमधे जातो, तिथून पंपाच्या सीलमधे. सपाट आणि जाड जागा निवडा, आतून बोट फिरवून थर्मोस्टॅटची झडप उघडताना टोकाला लागणार नाही ना ते बघा. १/८ एनपीटीसाठी ८.५ ते ८.७ मिमीचं भोक. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे असा फिरवा, आणि टॅप शेवटपर्यंत घालू नका. टेपर टॅप जितका आत जाईल तितकं भोक मोठं होतं आणि सेन्सर कधीच घट्ट बसत नाही. दर दोन फेऱ्यांनी टॅप काढून सेन्सर हाताने लावून बघा. धुवून, नवीन गॅस्केट टाकून बसवा.

होजमधे: होज जिथे सरळ आहे आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्पला जागा आहे तिथेच कापा, वळणावर नाही. अॅडॉप्टर होजशेजारी धरून खूण करा. अॅडॉप्टरची दोन्ही टोकं होजमधे गेल्यावर त्यांच्या मधला जो उघडा भाग राहतो तेवढाच तुकडा कापायचा, अॅडॉप्टरच्या पूर्ण लांबीएवढा नाही, नाहीतर होज आखूड होऊन ताणला जातो. धारदार ब्लेडने एकदम काटकोनात कापा. आधी क्लॅम्प होजवर चढवून घ्या, मग अॅडॉप्टर थोडं कूलंट लावून सरकवा, ग्रीस नको, ते रबर खातं. क्लॅम्प अॅडॉप्टरच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही.

सेन्सरचं तोंड आडवं किंवा किंचित वर ठेवा. अगदी वर ठेवलं तर तिथे हवेचा बुडबुडा साचतो, अगदी खाली ठेवलं तर गाळ. आणि इंजिन झटका देतं तेव्हा हलतं हे धरून पंखा, पट्टा, एक्झॉस्ट यांच्यापासून मोकळी जागा सोडा.

सीलंट बाबत: टेफ्लॉन टेप एकच थर, पहिला आटा मोकळा सोडून. जाड गुंडाळलीत तर एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग बिघडू शकतं, आणि तुकडे आत गेले तर ते वेगळंच. पातळ लिक्विड सीलंट जास्त बरं.

## ७. वायरिंग, आणि विशेषतः अर्थिंग

एका वायरचा सेन्सर अर्थ स्वतःच्या बॉडीतून घेतो. हेडमधे बसला असेल तर प्रश्न नाही. पण रबरी होजच्या मधल्या अॅडॉप्टरला दोन्हीकडून रबर आहे, त्याला अर्थ मिळणार कुठून? अॅडॉप्टरवर अर्थचा स्क्रू असेल तर तिथून, नसेल तर अॅडॉप्टरच्या बॉडीला घट्ट रिंग टर्मिनल लावून इंजिन ब्लॉकला स्वतंत्र वायर न्या. दोन वायरच्या सेन्सरला हे लागत नाही.

यात एक धोका नीट समजून घ्या. हे सेन्सर तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारे असतात. अर्थ सैल किंवा गंजलेला असेल तर रेझिस्टन्स वाढतो आणि गेजला वाटतं इंजिन गार आहे. म्हणजे खराब अर्थिंग कधीच घाबरवत नाही, खोटा दिलासा देतं. याउलट सिग्नलची वायर घासून बॉडीला लागली की काटा थेट शेवटाला जातो, ते निदान कळतं तरी.

गेजचा पॉझिटिव्ह इग्निशन चालू असतानाच येणाऱ्या लाइनवरून घ्या, गेजच्या कागदावर सांगितलेल्या ॲम्पियरचा फ्यूज टाकून. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवंच, एक्झॉस्टपासून लांब आणि कंपनीच्या हार्नेसला बांधत न्या. सेन्सरजवळ वायरला थोडी ढील ठेवा.

तपासणी: इंजिन बंद, इग्निशन चालू, गेज बाहेरच्या हवेइतकं तापमान दाखवतंय का बघा. बरीच गेजं ४० किंवा ५० च्या खाली दाखवतच नाहीत, तेव्हा काटा तळाला असेल तर घाबरू नका.

## ८. भरा आणि हवा काढा

गाडीत आधी आहे त्याच प्रकारचं कूलंट वापरा, नुसत्या रंगावरून ठरवू नका. हळू भरा. गाडीचं नाक थोडं वर ठेवता आलं तर हवा सहज निघते, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. हीटर पूर्ण गरमवर. इंजिन चालू करून पातळी बघत बसा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरून झाकण लावा आणि पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा.

हवा राहिली तर गेज वेड्यासारखं वागतं, ८५ वरून एका सेकंदात ६० आणि परत वर. लोक सेन्सर बदलतात, खरं तर तिथून बुडबुडा गेलेला असतो. हीटरमधून गार हवा येणं हीसुद्धा त्याचीच खूण.

इंजिन गरम आणि सिस्टीम दाबात असताना प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद फिरवा. बारीक गळतीकडे दुर्लक्ष नको: निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०८ ला उकळतं, झाकणाच्या दाबामुळे ते १२५ च्या पुढे टिकतं. दाब गेला की हा सगळा फायदा गेला.

## ९. आकडा जुळवा, मग अलार्म लावा

ओबीडी स्कॅनर (ईसीयूचे आकडे वाचणारं उपकरण) लावून कंपनीच्या सेन्सरचा आकडा आणि गेजचा आकडा शेजारी ठेवा. गरम इंजिन, आयडलवर, मग स्थिर वेगाने, मग लांब चढावर. दोन जागांमधे तीन ते पाच अंशांचा फरक नेहमीचा आहे, तो फरक कायम तेवढाच राहतोय का हे महत्त्वाचं. वेगाबरोबर फरक वाढत जात असेल तर सेन्सर प्रवाहात नीट नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळताना चमकदार अॅल्युमिनियमवर थेट धरू नका, ते खूप कमी दाखवतं, काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

अलार्म कुणाच्या सांगण्यावरून १०० किंवा ११० ला लावू नका. आठ पंधरा दिवस गाडी नेहमीसारखी वापरा, ट्रॅफिक, एसी, पूर्ण भरलेली गाडी, चढ, आणि सगळ्यात जास्त किती गेलं ते लिहून ठेवा. त्याच्या वर सहा सात अंशांना अलार्म. काही आधुनिक इंजिनं मुद्दाम १०५ च्या आसपास चालतात, काही जुनी ९५ च्या वर गेली तर काहीतरी बिघडलेलंच असतं, त्यामुळे तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच गाडीकडून घ्यावा लागतो. वरच्या होजमधे सेन्सर असेल तर अलार्म आणखी थोडा खाली ठेवा, आणि गेज नेहमीपेक्षा कमी दाखवायला लागलं तरी गाडी बाजूला घेऊन पातळी बघा, पण झाकण गार झाल्यावरच उघडा.

काही वेळा गरम गार झाल्यावर रबर बसतं आणि क्लॅम्प किंचित सैल होतात. पहिल्या आठवड्यानंतर गार इंजिनवर स्क्रूचे क्लॅम्प एकदा परत आवळा, अर्थचा स्क्रूही बघा आणि कूलंटची पातळी खुणेवर आहे का ते तपासा.